एसटीवाल्या सासऱ्यांसोबत स्कॉटलंडच्या घाटात

चाळिशीची भेट म्हणून मी नवऱ्याकडे सोनं मागितलं नाही. दोन सीटची, छत उघडणारी गाडी मागितली. विकत नव्हे, भाड्याने, आणि तीही फक्त स्कॉटलंडच्या उत्तरेकडचे रस्ते होईपर्यंत. आम्ही ग्लासगोला राहतो, पण हायलंड्समध्ये आजवर गेलो ते फॅमिली गाडीतून, मागे मुलं, डिकीत कुकर आणि तांदूळ असा सगळा संसार घेऊन. एकदा तरी गाडी गाडीसारखी चालवायची होती. नवऱ्याने बुकिंग केलं, पैसे भरले, आणि ऐन वेळी त्याच्या ड्युटीचा रोस्टर बदलला. पैसे परत मिळणार नव्हते. सासू-सासरे उन्हाळ्यासाठी आमच्याकडेच होते. आईंनी ऐकताक्षणी हात झटकले, "वाऱ्याने माझे कान दुखतात. मी पोरांकडे बघते, तुम्ही दोघं जावा."

म्हणून माझ्या शेजारच्या सीटवर आले अण्णा.

अण्णा मूळचे माण तालुक्यातले, पण सगळी नोकरी एसटीच्या चिपळूण डेपोत गेली. चिपळूण-कराड हा त्यांचा मुलूख. कुंभार्ली घाट पावसाळ्यात, धुक्यात, दरड कोसळलेली असताना, पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीने चढला-उतरलाय, आणि तो अनुभव ते कुणालाही विसरू देत नाहीत. त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवायची म्हणजे परीक्षकाला घेऊन निघाल्यासारखंच. खरं सांगते, इथली ड्रायव्हिंग टेस्ट मला त्यापुढे सोपी वाटली होती. भारतीय लायसनवर इथे येऊन पहिले बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर ते नुसतं बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. मी त्या देऊन बसले होते. अण्णांचं भारतीय लायसन तसं चाललं असतं, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्पोर्ट्‌स कार द्यायला भाड्याने देणारे तयार नव्हते. हे त्यांना आवडलं नाही. "माझी सर्व्हिस बिनअपघाती आहे, सांगितलंस का त्यांना?" असं त्यांनी तीनदा तरी विचारलं.

गाडी कोणती घ्यायची यावर माझं आणि नवऱ्याचं आधीच वाजलं होतं. आमच्या परिसरात पाचशे हॉर्सपॉवरच्या गाड्याही भाड्याने मिळतात आणि फोटोत त्या झकास दिसतात. पण त्या जवळजवळ दोन मीटर रुंद असतात आणि मला जिथे जायचं होतं तिथले रस्ते त्याहून फारसे रुंद नाहीत. मी घेतली माझदा एमएक्स-५, दीड लिटर इंजिनवाली. ताकद 132 हॉर्सपॉवर, म्हणजे हल्लीच्या बऱ्या एसयूव्हीइतकी. पण वजन जेमतेम एक टन, जोर मागच्या चाकांना, आणि रुंदी पावणेदोन मीटरच्या आत. सहा गिअर, हाताने टाकायचे. ऑटोमॅटिक नको होती. घाटात गिअर दुसऱ्याने ठरवायचा म्हणजे काय!

गाडी घेताना कागदपत्रांचा सोपस्कार असतो. लायसनची माहिती ऑनलाइन काढून त्याचा एक कोड द्यायचा, तो 21 दिवस चालतो. क्रेडिट कार्डावर डिपॉझिट अडकवून ठेवतात. आणि करारातलं बारीक अक्षर वाचायचंच: टायर, रिम, गाडीचं पोट आणि कापडी छत यांचं नुकसान बहुतेक वेळा विम्यात धरत नाहीत. हायलंड्सच्या रस्त्यांवर नेमकं यांचंच नुकसान होतं. कडेच्या खड्ड्यात चाक उतरलं की रिम गेलीच. मी चारही रिम्सचे फोटो काढत होते तेव्हा अण्णा गाडीभोवती फिरून टायरवर बोटांची ठोकर मारत होते. मग वाकून इंजिनखाली तेलाचा डाग आहे का पाहिलं. मग डिकी उघडली.

"स्टेपनी कुठाय?"

स्टेपनी नव्हती. या गाडीत ती नसतेच. पंक्चर झालं तर भोकात भरायचं औषध आणि हवेचा छोटा पंप दिलेला असतो. काउंटरवरच्या मुलाने हे हसत सांगितलं. अण्णा हसले नाहीत. "स्टेपनी नसलेली गाडी आम्ही डेपोच्या गेटाबाहेर काढत नव्हतो," एवढं म्हणून त्यांनी डिकीत आपली पिशवी कोंबली. डिकी 130 लिटरची, म्हणजे दोन मऊ पिशव्या आणि भडंगाचा डबा. कडक सूटकेस आणली असती तर मांडीवर घेऊन बसावं लागलं असतं.

ग्लासगोहून ए-82 रस्त्याने निघालो. लॉक लोमंड सरोवराच्या काठाने टार्बेटच्या पुढे हा रस्ता एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला पाणी असा चेपत जातो, आणि समोरून ट्रक आला की दोघांचे आरसे एकमेकांना सलाम करतात. तिथे मजा नाही, नुसतं सांभाळणं आहे. क्रिअनलॅरिच गेलं, टाइंड्रम गेलं, मग रस्ता चढून रॅनक मूरच्या पठारावर आला आणि अण्णा पहिल्यांदा गप्प झाले. डोळा पोचेल तिथवर दलदल, डबकी, तपकिरी गवत. घर नाही, खांब नाही, माणूस नाही. पुढे ग्लेन कोच्या तोंडाशी ब्युकल एटिव्ह मोरचा सुळका उभा राहिला तसं मी गाडी थांब्यात घेतली आणि छत काढलं. हे छत मोटरवर आपोआप उघडणारं नाही. आरशाजवळची एक कडी सोडवायची आणि बसल्या जागेवरून एका हाताने मागे ढकलून दाबायचं, टक् आवाज झाला की झालं.

अण्णांनी मफलर कानाला गुंडाळला. तेवढ्यात पाऊस आला.

उघड्या गाडीचं एक गुपित ऐकून माहीत होतं, ते खरं निघालं. वेग ताशी पन्नास मैलांच्या आसपास असेल तर काचेवरून उडणारी हवा पावसाला डोक्यावरून पलीकडे नेते आणि आतली माणसं जवळपास कोरडी राहतात. थांबलात की भिजलात. ग्लेन कोमधून आम्ही असे गेलो की डावीकडे थ्री सिस्टर्सचे तीन कडे, त्यांवरून उतरणारे पांढरे ओहोळ, वर काळे ढग, आणि आम्ही हीटर पायांवर सोडून मधोमध कोरडे. मग पुढे एका पर्यटक बसने ब्रेक मारला आणि सगळं ढगाचं पाणी एकदम आमच्या मांडीवर आलं. अण्णा म्हणाले, "आपल्या जुन्या एसटीत पण असंच व्हायचं. फक्त तिथं छत असायचं."

फोर्ट विल्यम, इनव्हरगॅरी, ग्लेन शील ही सगळी रुंद, दुपदरी, वाहती वाट. छान आहे, पण इथे कुठलीही गाडी छान चालते. खरी गोष्ट लॉककॅरनच्या पुढे सुरू होते, कारण तिथून रस्त्याला पदरच एक उरतो.

एकपदरी रस्ता म्हणजे दोन्ही दिशांच्या वाहतुकीला मिळून एकच गाडीपुरतं डांबर, आणि थोड्या थोड्या अंतरावर कडेला फुगवटा. तिथे पांढऱ्या पाटीवर 'पासिंग प्लेस' लिहिलेलं असतं. समोरून गाडी दिसली की जो फुगवट्याच्या जवळ असेल त्याने थांबायचं. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत जायचं. उजव्या हाताला असेल तर आत शिरायचं नाही, त्याच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं म्हणजे समोरचा वळसा घालून जातो. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही असंच पुढे सोडायचं. फुगवट्यात गाडी लावून फोटो काढायला जायचं नाही. हे सगळं सरकारी नियमपुस्तकात आहे. शिवाय त्यात असंही आहे की चढणाऱ्या गाडीला शक्यतो आधी जाऊ द्यावं.

हे मी वाचून दाखवल्यावर अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांना बाराखडी शिकवतेय. "आपल्याकडं काय वेगळं आहे? चढणाऱ्याचा मान पहिला. उतरणारा ब्रेकवर असतो, त्याला परत उठायला काय लागतं? चढणारा थांबला तर क्लच जळतो." नियम दोन्हीकडे आहे, फरक पाळण्याचा. इथे समोरचा खरोखर थांबतो, दिव्याची उघडझाप करतो, आणि जाताना दोघंही स्टेअरिंगवरचं एक बोट उचलतात. ते बोट उचललं नाही तर तुम्ही बाहेरचे. अण्णा पहिल्या तासातच प्रत्येक गाडीला आख्खा हात वर करून रामराम घालायला लागले. समोरचे म्हातारे शेतकरी तेवढ्याच जोमात परत करायचे.

वेगाचं सांगते. या रस्त्यांवर पाटी नसेल तर कायद्याने ताशी 60 मैल, म्हणजे सुमारे 96 किलोमीटरची मुभा आहे. त्या आकड्याला काही अर्थ नाही. आंधळी वळणं, आंधळे उंचवटे, कडेची मऊ माती, त्यात मेंढ्या. तीस-चाळीस मैल म्हणजे भरपूर. आणि इथेच छोट्या गाडीची गंमत कळते. जमिनीपासून एवढं खाली बसल्यावर पस्तीस मैलदेखील जोरात वाटतात. इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत ओरडू देता येतं, वळणाआधी ब्रेक, गिअर खाली, वळणातून बाहेर पडताना हलकाच पाय, आणि गाडीचं शेपूट आपल्या कमरेपासून सुरू होत असल्यासारखं वळतं. पाचशे हॉर्सपॉवरवाल्याला हे सुख नाही. त्याचा दुसरा गिअर संपेपर्यंत तो कायद्याच्या पलीकडे गेलेला असतो, म्हणून बिचारा दिवसभर पहिल्या-दुसऱ्यात गुरगुरत फिरतो.

बेलाख ना बा या घाटाच्या पायथ्याशी टॉर्नाप्रेसला एक मोठी पाटी आहे. अण्णांनी गाडी थांबवायला लावली आणि सगळी पाटी समजून घेतली: रस्ता दोन हजार त्रेपन्न फुटांपर्यंत चढतो, चढ पाचास एक, हेअरपिन वळणं; शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅराव्हॅन यांनी पहिल्या मैलानंतर जाऊ नये. "म्हंजे आपली एसटी बी नको?" नको, अण्णा. ते जरा खट्टू झाले.

हा रस्ता 1822 साली बांधला. त्याआधीही गुरं हाकत नेणाऱ्यांची ही खिंड होतीच. ॲपलक्रॉस गावाला जायला गाडीरस्ता म्हणून कित्येक पिढ्या एवढाच होता; किनाऱ्याने जाणारा दुसरा रस्ता पूर्ण झाला तो थेट 1970च्या दशकात. हिवाळ्यात बर्फ पडलं की गाव तुटायचं. आपल्याकडच्या घाटाशी फरक असा की इथे चढ समुद्राच्या पाण्यापासून सुरू होतो. खाडीच्या तोंडाशी शून्यावर असता आणि दहा किलोमीटरच्या आत 626 मीटरवर. एकही झाड नाही. कातळाच्या पोटात रस्ता कोरत वर जातो, आणि शेवटी डोंगराच्या भिंतीवर चार घड्या पडलेल्या दिसतात. त्याच त्या हेअरपिन.

मी दुसऱ्या गिअरमध्ये पहिल्या घडीत शिरणार तोच वरून भाड्याची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, उतरली. आत एक मध्यमवयीन जोडपं. बाईने डोळे मिटून घेतले होते. दोघांच्या मध्ये फुगवटा नव्हता. त्याच्या मागे एक होता, वळणाच्या वर, आणि माझ्या मागे एक होता, खाली. चढणारी मी. हक्क माझा. मी हात केला, तो माणूस नुसताच मान हलवत राहिला. मग त्याने रिव्हर्स टाकला, गाडी फूटभर पुढेच सरकली, त्याने घाबरून ब्रेक मारला.

अण्णा म्हणाले, "हक्क आपलाच आहे. पण रिव्हर्स त्याला येत नाही. मागं घे पोरी."

"अण्णा, मागे वळण आहे."

"मग? छत काढ. मी उतरतो."

छत काढल्यावर खरंच फरक पडला. बंद छतात या गाडीच्या मागचं काही धड दिसत नाही. उघड्यात मान वळवली की आख्खा रस्ता, कठडा, खालची दरी सगळं समोर. अण्णा मागे जाऊन फुगवट्याच्या कोपऱ्यावर उभे राहिले. मला वाटलं आता हातवारे करतील. त्यांनी कंडक्टरची पद्धत धरली. मी क्लच दाबून, पाय ब्रेकवर ठेवून एकेक हात मागे सरकवत होते, आणि ते "येऊ दे... येऊ दे... डावी मार... सरळ कर... येऊ दे..." आणि मग डिकीवर एकच थाप. एक थाप म्हणजे थांब, हे मला सांगायची गरज नव्हती. मोटरहोम आमच्या आरशापासून वीतभर अंतरावरून गेली. तो माणूस काच खाली करून सारखा थँक्यू म्हणत होता. अण्णांनी त्याला मराठीतच सांगितलं, "सेकंडमध्ये उतरा, सेकंडमध्ये. ब्रेकवर बसू नका." त्याला कळलं असावं, कारण तो ज्या आवाजात खाली गेला तो सेकंडचाच होता. अण्णा सीटवर बसले, पट्टा लावला आणि डॅशबोर्डवर टिचकीने दोनदा वाजवलं. डबल बेल.

माथ्यावर वाऱ्याने दार उघडेना. ढग फाटले तेव्हा पलीकडे राझे बेट आणि त्यामागे स्कायचे दातेरी डोंगर दिसले, नि पुन्हा पडदा पडला. उतरताना अण्णांचा मंत्र, जो महाराष्ट्रातल्या प्रत्येक घाटाच्या ड्रायव्हरचा आहे: ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. खाली समुद्राकाठी पोचलो तेव्हा शेजारी लागलेल्या एका भल्या मोठ्या गाडीच्या चाकांतून जळक्या ब्रेकचा वास येत होता. अण्णांनी नाक ओढून समाधानाने मान डोलावली.

ॲपलक्रॉसला पेट्रोल पंप आहे, तो गावकऱ्यांनी मिळून चालवलेला. माणूस नसतो, कार्ड घालून आपणच भरायचं. या पट्ट्यात टाकी अर्धी झाली की भरायची हा नियमच करून टाका, पुढचा पंप बंद असू शकतो आणि मोबाइलला रेंज नसते. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. गावच्या इनमध्ये, म्हणजे खाणावळीत, अण्णांनी खेकडा मागवला. चिपळूणला इतकी वर्षं काढल्यामुळे माणदेशी माणसाला खेकडा कसा फोडायचा ते माहीत आहे. बाजूच्या टेबलावरचे लोक चिमटा घेऊन झगडत होते, यांनी दाताने आणि अंगठ्याने ताट साफ केलं. तक्रार एकच, तिखट नाही. डब्यातल्या भडंगाचा मसाला वर भुरभुरला गेला. मी लिंबू-पाणीच घेतलं. स्कॉटलंडमध्ये 2014च्या डिसेंबरपासून दारूची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम आहे, इंग्लंडमध्ये 80. दक्षिणेकडून आलेले लोक "एका ग्लासाने काय होतंय" म्हणतात ते इथे चालत नाही.

पुढे किनाऱ्याच्या रस्त्याने शील्डेगकडे. मे संपत आला होता आणि उतारांवर गॉर्सची पिवळी काटेरी झुडपं पेटल्यासारखी फुलली होती. अण्णा एकदम म्हणाले, "खोबरेल कुणी सांडलं?" मी हसले, मग मलाही आला तो वास. गॉर्सच्या फुलांना नारळाचा वास येतो, ऊन पडलं की जास्तच. बंद गाडीतून इतक्यांदा इथून गेले होते, कधी कळलं नव्हतं. उघड्या गाडीत डिझेल, ओली मेंढी, समुद्राचं शेवाळ आणि मध्येच कुणाच्या तरी चुलीतल्या पीटचा, म्हणजे वाळवलेल्या दलदलीच्या मातीचा, धूर असे सगळे वास एकामागून एक तोंडावर येतात. मेंढ्यांचं मात्र अवघड. डांबर गरम असतं म्हणून कोकरं संध्याकाळी रस्त्यातच बसतात. हॉर्न वाजवला तर बघतात फक्त. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला असेल तर ते हमखास गाडीच्या पुढ्यातूनच आईकडे पळणार, हे धरूनच चालायचं.

टॉरिडन, किनलॉक्यू, लॉक मरी, गेअरलॉक हे दृश्यांनी सगळ्यात श्रीमंत. मी त्यावर लिहीत बसत नाही, फोटो सगळीकडे आहेत.

डंडॉनेलच्या पुढचं सांगायला हवं. तिथून ब्रेमोरच्या तिठ्यापर्यंत ए-832 रस्ता उघड्या माळावरून जातो. वळणं लांब आणि दिसणारी, रस्ता पुरेसा रुंद, वाहतूक विरळ, मागे ॲन टिअलखचे सुळके. गाडी चालवायला या सगळ्या फेरीत मला सर्वांत आवडलेला तुकडा हाच. पहिल्यांदा मी इथे इंजिन मनसोक्त फिरवलं. अण्णा म्हणाले, "हा रस्ता इथं कुणी आणि कशाला काढला? गाव तर एक नाही."

त्याला 'डेस्टिट्यूशन रोड' म्हणतात. 1846 साली बटाट्यावर करपा पडला तेव्हा आयर्लंडसारखीच इथेही पिकं गेली. बटाट्यावर जगणारी माणसं उपाशी पडली. फुकट मदत दिली तर लोक आळशी होतील असं वरच्यांचं मत, म्हणून काम काढलं: रस्ता खोदा, दगड फोडा, दिवसभर राबा, आणि बदल्यात ओटचं पीठ न्या. असे रस्ते हायलंड्समध्ये बऱ्याच ठिकाणी झाले, हा त्यातला नाव टिकून राहिलेला.

मी हे सांगत असताना अण्णांनी थांबायला लावलं. उतरले, रस्त्याच्या कडेला पाण्यासाठी बांधलेल्या दगडी मोरीपाशी गेले, बुटाने माती सरकवून खालचे दगड बघत राहिले. बहात्तरच्या दुष्काळात ते एकोणीस वर्षांचे होते. माणमध्ये दुष्काळी कामावर खडी फोडली आहे त्यांनी. घरातले सगळे, त्यांची आई, दोन बहिणी, एकाच हजेरीपटावर. हे मला लग्नापासून माहीत होतं, पण फक्त 'खडी फोडली' एवढंच. त्या दिवशी गाडीच्या बॉनेटला टेकून त्यांनी पहिल्यांदा बाकीचं सांगितलं. हातोडीच्या दांड्याला चिंधी गुंडाळायची पद्धत. खडीचा ढीग फऱ्याने मोजताना मुकादम मापात कसा मारायचा. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची. पोरांना वाटायची ती सुकडी. "ती सुकडी मला आवडायची," म्हणाले, "हे कुणाला सांगत नाही मी. लोक रडत होते आणि मला ती गोड लागायची." मग म्हणाले, "त्या रस्त्यानं पुढं मी एसटी नेली आहे, बदलीवर असताना. माझीच खडी." आणि इथल्याला पीठ किती मिळायचं, बायकांना पुरुषांएवढं मिळायचं का, हे प्रश्न. बायकांना कमी मिळायचं, एवढं मला ठाऊक होतं. "तेच," म्हणाले. "चल, काढ गाडी."

काढली. पुढचे काही मैल आधीसारखे फिरवले नाहीत. तिठ्याजवळ कोरीशालखची घळ आहे, साठ मीटर खोल. झुलत्या पुलावर उभं राहून खाली बघायला मी गेले, अण्णा गाडीत बसले.

उलापूलच्या पुढे असिंटमध्ये शिरल्यावर डोंगरांचे आकारच बदलतात. सगळे सुटे सुटे, सुइल्वन तर सपाटीवर कुणी आणून ठेवल्यासारखा. काइलस्क्यूचा पूल 1984चा, काँक्रीटचा आणि वळणदार; पूल वळवून बांधतात हे अण्णांना पटलं नाही, पण दोनदा जायला लावलं. तिथल्या थांब्यावर आठ-नऊ सुपरकार्सचा ताफा उभा होता. पिवळी, केशरी, एक चॉकलेटच्या कागदासारखी चकाकणारी. त्यांच्यातला एक जण पुढचा बंपर बघत रस्त्यावर मांडी घालून बसला होता. या मंडळींवर स्थानिकांचा राग आहे आणि तो समजतो. इनव्हरनेसहून सुरू होऊन तिथेच संपणारी 516 मैलांची ही फेरी 'नॉर्थ कोस्ट 500' या नावाने 2015 साली बाजारात आली. हॉटेलांना धंदा मिळाला, पण नाव ऐकून काहींना ती शर्यत वाटते. दवाखान्यात निघालेल्या नर्सला आणि मेंढ्यांचा ट्रेलर ओढणाऱ्याला हाच एक रस्ता आहे.

रस्ता कुणाची भीड ठेवत नाही याला इथलाच दाखला आहे. बीटल्सचा जॉन लेनन लहानपणी सुट्टीत डर्नेसला यायचा. 1969च्या जुलैत तो योको ओनो आणि दोघांच्या आधीच्या लग्नांतल्या मुलांना घेऊन ऑस्टिन मॅक्सी चालवत आला, आणि लॉक एरिबॉलजवळ समोरून गाडी आल्यावर सरळ चरात गेला. गोल्स्पीच्या इस्पितळात चेहऱ्यावर 17 टाके पडले. अण्णांनी लेनन कोण ते विचारलं नाही, "रिव्हर्स येत नसणार," एवढाच निकाल दिला.

डर्नेसहून आम्ही पूर्वेकडच्या टोकाला गेलो नाही. तो कोपरा सपाट आहे. बघायला बरं असेल, या गाडीला तिथे काम नाही. टंगवरून दक्षिणेला वळून आल्टनाहाराचा एकपदरी रस्ता धरला. याच आल्टनाहाराला 1995च्या डिसेंबरात उणे 27.2 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आम्हाला मिळाली ती चिलटं. मिज म्हणतात त्यांना, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक, उघड्या गाडीने थांबायची सोय नाही. चालती ठेवलीत तर काही करत नाहीत. नैसर्गिक कारणासाठी अण्णा उतरले आणि पळत परत आले.

इनव्हरनेसपासून ए-9. इथे डनब्लेनपर्यंत सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, म्हणजे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून उपयोग नाही. छत लावलं, सहावा गिअर टाकला, दोघंही कंटाळलो. अण्णा झोपले.

गाडी परत देताना काउंटरवरच्या मुलाने रिम्सवरून बोट फिरवलं, माझे फोटो ताडून पाहिले, सही घेतली. डिपॉझिट सुटलं. त्याआधी कोपऱ्यावरच्या पंपावर टाकी फुल्ल केली होती, तिथे अण्णांनी पावत्यांचा गठ्ठा खिशातून काढला. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या पावत्या, मागे पेन्सिलीने मैल लिहिलेले. मैलाचे किलोमीटर करायला मला कॅल्क्युलेटर मागितला.

"दहा लिटरला एकशे पंचावन्न," ते म्हणाले. "घाट धरून."

"चांगलं आहे ना, अण्णा?"

"माणसं दोन नेतीय. आमची एसटी चव्वेचाळीस सीट आणि वर उभे घेऊन पंचेचाळीस द्यायची." पावत्या परत खिशात घातल्या. "पण बॅलन्स चांगलाय गाडीचा. स्टेपनी पाहिजे होती."